शाबीत लोकांची लिपी

इतिहासाच्या बाईंना शाळेत पुरावाबाई म्हणत. तोंडावर नव्हे अर्थात, तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. पण जिन्यात, पाण्याच्या नळापाशी, मुलांच्या मुतारीच्या भिंतीवर, सगळीकडे त्या पुरावाबाईच होत्या, आणि हे नाव त्यांनी घाम गाळून कमावलेलं होतं. पोट दुखत होतं म्हणून गृहपाठ राहिला, असं कुणी म्हटलं की बाई खडू खाली ठेवायच्या, चष्म्याच्या वरून बघायच्या आणि एकच शब्द उच्चारायच्या. "पुरावा?" आता पोटदुखीचा पुरावा माणूस आणणार कुठून? पण मुलं आणायची. डॉक्टरची चिठ्ठी आणायची, औषधाची रिकामी बाटली आणायची. एकाने तर सकाळच्या ओकारीचा टॉवेल पिशवीत घालून आणला होता. बाईंनी तो वासावरून ग्राह्य धरला.

नाव शाळेने ठेवलं तरी खोड घरातली होती. बाईंचा नवरा दोन वर्षं रोज संध्याकाळी "कामात अडकलो होतो" म्हणून सांगायचा आणि बाई रोज त्याच्यासाठी जेवायच्या थांबायच्या. मग एक दिवस त्याच्या शर्टाच्या खिशात लाँड्रीची पावती सापडली. लाँड्री शहराच्या पार दुसऱ्या टोकाची होती आणि पावतीवरचे कपडे बायकी होते. इतिहास शिकवणाऱ्या बाईला एवढं साधन पुरे झालं. नवरा गेला, दुसऱ्या गावात त्याने नवा संसार थाटला, आणि बाईंनी मनाशी खूणगाठ बांधली की यापुढे या घरात तोंडी काही चालणार नाही. त्या वेळी घरात उरलेलं दुसरं माणूस आठ वर्षांचं होतं.

ते माणूस आता चौदा वर्षांचं झालं होतं आणि नववीच्या वर्गात तिसऱ्या बाकावर, खिडकीच्या बाजूला बसत होतं. बाई तिला इतिहास शिकवायच्या आणि यंदा वर्गशिक्षिकाही त्याच होत्या. मुलगी सातवीत या शाळेत आली, त्या पहिल्या दिवशी बाईंनी तिला फाटकाबाहेर थांबवून बजावलं होतं, की या फाटकाच्या आत मी तुझी आई नाही. बाई म्हणायचं आणि तुम्ही म्हणायचं. आपली ती लाडकी, असं कुणी म्हणायला नको, एवढाच त्यांचा हेतू. मुलीने मान डोलावली आणि आज्ञा इतकी तंतोतंत पाळली की ती बाईंच्याच अंगाशी आली.

त्याचं असं, की दर वर्षी वर्गातली दोन-तीन मुलं तरी चुकून बाईंना "आई" म्हणायची. हात वर करून "आई, मी सांगू?" असं बोलून जायची, मग वर्ग खो-खो हसायचा आणि बोलणाऱ्याचे कान लाल व्हायचे. एरवी तिरसट असलेल्या बाईही तेव्हा गालातल्या गालात हसून घ्यायच्या. सगळ्या मुलांची जीभ कधी ना कधी घसरली. तीन वर्षांत घसरली नाही ती फक्त त्यांच्या पोटच्या मुलीची. उलट गेल्या वर्षापासून ती घरीही तुम्ही म्हणायला लागली होती. "तुमचा डबा ओट्यावर आहे." "तुम्ही दार लावून घ्या, मी किल्ली नेतेय." 'आई' हा शब्द तर तिने बोलण्यातून काढूनच टाकला. हाक मारायची वेळ आली तर ती खोलीच्या दारात येऊन उभी राहायची आणि बाईंनी वर बघेपर्यंत वाट बघायची. मला आई म्हण, असं सांगणं बाईंच्या रक्तात नव्हतं. त्या नुसत्या नाक मुरडायच्या, आणि आतून त्यांचा जीव जळायचा.

खरं भांडण मात्र एका फॉर्मवरून होतं. दुसऱ्या गावात एक निवासी शाळा होती, विज्ञानासाठी नावाजलेली. मुलगी परीक्षा देऊन तिथे निवडली गेली होती आणि दहावीपासून तिला तिकडे राहायचं होतं. फॉर्मवर दोन सह्या लागत होत्या, एक पालकाची आणि एक वर्गशिक्षकाची. म्हणजे दोन्ही कुलपांची किल्ली एकाच पदराला. आणि ते गाव नेमकं तेच होतं, जिथे मुलीचा बाप राहत होता.

"तिकडे तो राहतो," बाई म्हणाल्या होत्या.

"मला माहीत आहे."

"म्हणून चाललीस?"

"नाही."

"पुरावा?"

मुलीने तेव्हा हातातलं ताट सिंकमध्ये ठेवलं, शांतपणे हात पुसले. "नसल्याचा पुरावा कुठून आणू? तुम्हीच शिकवता ना वर्गात, नसलेल्या गोष्टीचा पुरावा देता येत नाही म्हणून."

"मग सहीही देता येत नाही," बाई म्हणाल्या.

त्यानंतर तीन आठवडे त्या घरात कामापुरतं बोलणं उरलं. फॉर्म फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली लटकत होता. बाई दूध काढायला दार उघडायच्या तेव्हा तो फडफडायचा, आणि त्या त्याच्याकडे न बघता दार आपटायच्या. फॉर्म पाठवायची शेवटची तारीख त्यांना पाठ होती. पुढचा सोमवार.

अशातच नववीचा प्रकल्प आला. तो दर वर्षी यायचा आणि बाईंना तो जीव की प्राण होता. प्रत्येकाने एक संस्कृती स्वतःच्या डोक्याने उभी करायची. तिची नदी, तिचा नकाशा, देव, कायदे, रोजच्या वापरातल्या वस्तू आणि लिपी, सगळं आपलं आपण ठरवायचं. वर ती बुडाली कशी तेही दाखवायचं, कारण संस्कृती बुडाल्याशिवाय ती इतिहासाच्या तासाला येत नाही. गुण पंचवीस, त्यांतले नऊ एकट्या लिपीचे. यंदा इतिहासाच्या खोलीत एकवीस संस्कृती मांडल्या गेल्या. सगळ्यांच्या नद्या निळ्या होत्या आणि सगळ्यांचा देव सूर्य. सतरा संस्कृती पुरात बुडाल्या होत्या, कारण पूर रंगवायला सोपा. तीन ज्वालामुखीने गिळल्या. उरली एक, तिच्यासमोर मात्र सकाळपासून मुलांची झुंबड उडाली होती, आणि बाई खोलीत शिरताच ती झुंबड एकदम पांगली.

ती त्यांच्या मुलीची होती. फलकावर टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, 'शाबीत लोक'.

शाबीत लोकांच्या देवळात मूर्ती नव्हती, नुसतं रिकामं आसन होतं. देव असल्याचा पुरावा मिळाला की मूर्ती बसवू, असं त्यांनी ठरवलं होतं. तिथे हसायचं असेल तर दोन साक्षीदार लागत. रडायचं असेल तर छोट्या मडक्यात रडायचं, त्याचं तोंड मेणाने बंद करायचं आणि वर तारखेची चिठ्ठी लावून ते घरी दाखवायचं. कोरड्या डोळ्यांचं दुःख तिथे धरलं जात नसे. मुलीने अंगठ्याएवढी मडकी केली होती, एकेकावर मेणाची टोपी आणि सुतळीने बांधलेली चिठ्ठी. घराबाहेर पडलेल्या प्रत्येकाने परतताना दाखला आणायचा, आणि दाखले टाकायचे नाहीत. त्यामुळे शाबीत लोकांचे आधी माळे भरले, मग पलंगाखालच्या जागा, मग पलंग. माणसं उभ्याने झोपू लागली. शेवटी घरात पुरावे मावेनात तेव्हा एकेक जण निघून गेला. 'शेवटचा माणूस गेला,' फलकाच्या तळाशी लिहिलं होतं, 'तेव्हा तो गेल्याचा दाखला घ्यायला कुणी उरलं नव्हतं.'

खाली टेबलावर मातीच्या वाळवलेल्या पाट्या ओळीने मांडल्या होत्या, चौतीस पाट्या, बोटभर रुंदीच्या. त्यांच्यावर खिळ्याने कोरलेल्या बारीक बारीक खुणा होत्या. शेजारच्या तक्त्यावर फक्त तीन अक्षरांचा उलगडा दिलेला. ई, च आणि त. काना, मात्रा, वेलांट्या कशा काढायच्या तेही होतं. त्याखाली ओळ : 'बाकीचं वाचन झालेलं नाही.'

बाईंच्या मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. वर्गातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं की शाबीत लोक कोण. मुलगी भिंतीला टेकून उभी होती, हात मागे, चेहऱ्यावरची माशीसुद्धा हललेली नाही. बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण भर वर्गात आग दाखवली तर ती संस्कृती आपलीच असल्याची कबुली दिल्यासारखं झालं असतं. त्यांनी लाल पेन काढलं. 'शेवट अतिशयोक्त' म्हणून पाच गुण कापले. 'लिपी निरर्थक, तक्ता अपुरा' म्हणून नऊच्या नऊ कापले. पंचविसात अकरा.

दुसऱ्या दिवशी हेडबाईंनी त्यांना बोलावून घेतलं. ड्रॉइंगचे सर आधीच तिथे खुर्ची अडवून चहा पीत बसले होते. हेडबाईंनी टेबलावरून एक कागद पुढे सरकवला. अर्ज होता. अक्षर ओळखायला बाईंना चष्मा लागला नाही. माननीय मुख्याध्यापिका यांस, इतिहासाच्या बाईंनी माझी लिपी निरर्थक ठरवून नऊ गुण कापले आहेत. परंतु ती निरर्थक असल्याचा कोणताही पुरावा त्यांनी दिलेला नाही. तरी तो मागवावा, ही विनंती.

हेडबाईंनी ओठ दाबून धरले होते. "पोरगी तुमचीच आहे, यात शंका नाही," त्या म्हणाल्या. मग गंभीर होऊन त्यांनी सांगितलं, की अर्ज रीतसर आहे तेव्हा उत्तरही रीतसर द्यावं लागेल. सोमवारपर्यंत लेखी अहवाल द्या.

बाई म्हणाल्या, अहवाल कसला त्यात, पोरीने खिळा घेऊन माती ओरबाडलीये. तेव्हा ड्रॉइंगच्या सरांनी कप खाली ठेवला. सर तसे कुणाच्या अध्यात ना मध्यात, पण नको तिथे खरं बोलायची त्यांना सवय. म्हणाले, मला वाचता येत नाही, मी आपलं चित्र म्हणून बघितलं. उगाच खरडणारा हात एकच खूण दोनदा सारखी काढत नाही. हिने काही खुणा चाळीस-चाळीस वेळा काढल्यात, आणि त्या हुबेहूब आहेत.

 ते बोलणं बाईंच्या अंगात काट्यासारखं घुसलं. वीस वर्षं आपण मुलांना सांगत आलो की आधी साधन बघा मग मत द्या, आणि एका ड्रॉइंगच्या मास्तराने आपल्याला आपलाच धडा वाचून दाखवावा?

शनिवारी शाळा अकराला सुटली. बाईंनी इतिहासाची खोली आतून लावून घेतली, पदर खोचला आणि वही उघडली. ही लिपी थोतांड आहे हे सप्रमाण सिद्ध करायचं आणि सोमवारी हेडबाईंच्या टेबलावर आपटायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. पाट्या एकामागून एक उचलून त्यांनी सगळ्या खुणा वहीत उतरवल्या आणि कोणती खूण किती वेळा आली ते मोजलं. मोजता मोजता त्यांच्या लक्षात आलं की सर बरोबर बोलले होते. खुणा शब्दांत बसत होत्या आणि शब्द ओळींत. त्यांना राग आला, आणि रागाबरोबर अभ्यासाची जुनी खाजही आली.

चौतिसातल्या तेहेतीस पाट्यांची सुरुवात एकाच शब्दाने होत होती. दोन खुणांचा शब्द. दुसरी खूण तक्त्यात दिलेली ई. पहिली अनोळखी, पण तिच्या डोक्याजवळ ठिपका होता, आणि ठिपका म्हणजे काना. कुठलं तरी अक्षर, त्याला काना, मग ई.

बाईंचा हात थांबला. 'अ'ला काना दिला की आ. आ, ई.

तेहेतीस पाट्या, आणि प्रत्येकीची सुरुवात या शब्दाने.  सकाळी ही लिपी निरर्थक ठरावी म्हणून त्या आल्या होत्या. आता तिला अर्थ असावा म्हणून त्यांचा जीव टांगणीला लागला. वर्षभर ज्या शब्दासाठी आपण दारात उभ्या असलेल्या पोरीच्या तोंडाकडे बघत राहिलो, तो पोरीने असा मातीत लिहून ठेवलाय, तेहेतीस वेळा. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा चढवला.

मग त्यांनी ती खूण बाकीच्या शब्दांत शोधली, आणि तिथे घोडं पेंड खाऊ लागलं. एका पाटीवर चार खुणांचा शब्द होता. त्यात ती खूण पहिली आली होती आणि पुन्हा तिसरीही. अ काही असा शब्दाच्या पोटात येऊन बसत नाही. बाईंनी आधी म्हटलं, पोरीचं चुकलं असेल. पण या पोरीचं शुद्धलेखन चुकत नव्हतं, ते त्यांनी स्वतःच पट्टी हातात घेऊन तिच्याकडून घोटून घेतलं होतं. दुसऱ्या पाटीवर, तिसऱ्या पाटीवर, तेच. अर्धा तास त्या आपल्याच डोळ्यांशी हुज्जत घालत राहिल्या. मग त्यांनी वहीतला अ खोडला आणि त्या जागी ब लिहिला.

चार खुणांचा शब्द 'बरोबर' असा वाचता आला. त्यातून र मिळाला, र मिळाल्यावर 'चार' हा शब्द मिळाला, आणि मग कुलपं फटाफट उघडत गेली. तेहेतीस पाट्यांची सुरुवात 'बाई' अशी होती.

'बाई, तुमची मुलगी चार ते सहा इथेच होती.' ही वरच्या मजल्यावरच्या काकूंची चिठ्ठी. मुलगी त्यांच्याकडे खेळायला जायची तेव्हा येताना ती लिहून आणायला लागायची. 'बाई, बस उशिरा सुटली, शपथ.' ही सहलीला गेलेल्या मैत्रिणीची. 'बाई, वही बरोबर होती, पेन विसरली.' सहा वर्षांतल्या चिठ्ठ्या होत्या त्या, एकेक करून मातीत उतरवलेल्या. मूळ कागद घरी बाईंच्याच कपाटात होते, वर्षावार लावलेले. सगळं बाईंना आठवत होतं. वाचताना लाज वाटते आहे हे त्यांना कळलं, आणि लाज वाटली म्हणून त्या जास्तच चिडल्या. एका पोरीने आईची अशी लक्तरं मांडावीत, तीही सगळ्या शाळेसमोर, आणि वर अर्ज करावा.

एकोणतिसाव्या पाटीवर लिहिलं होतं, 'बाई, ती खरंच रडली. मी बघितलं.'

ही चिठ्ठी त्या विसरल्या होत्या. मुलगी नऊ वर्षांची असताना तिची जिवाभावाची मैत्रीण गाव सोडून गेली. तिला निरोप देऊन आल्यावर मुलगी म्हणाली, मला आज शिकवणीला जायचं नाही, मी खूप रडलेय. डोळे तर कोरडे होते. बाईंनी सवयीने विचारलं. मुलगी बाहेर गेली, सामानाच्या गाडीपाशी उभ्या असलेल्या त्या मैत्रिणीच्या आईकडून चिठ्ठी लिहून घेऊन आली. आणि बाई हसल्या होत्या. शिक्षकांच्या खोलीत दुसऱ्या दिवशी गंमत म्हणून सांगितलंही होतं त्यांनी ते. शिकवणी मात्र बुडू दिली नव्हती.

टेबलाच्या कडेला मेणाने तोंड बंद केलेली मडकी ओळीने उभी होती. बाईंनी त्यांतलं एक उचललं, हलवून बघितलं. आत खरंच पाणी होतं. त्यांनी ते घाईघाईने जागेवर ठेवलं.

आता शेवटची पाटी राहिली. ती बाकीच्यांपासून दूर, एकटी ठेवली होती. खाली लिहिलं होतं, 'शहराच्या दरवाजाबाहेर सापडली.' तिच्यावर दोनच शब्द होते. पहिला सहज वाचता आला. 'येते.' घरातून निघताना बायका जाते म्हणत नाहीत, येते म्हणतात, ते येते. दुसरा शब्द पुन्हा तसाच, एक अक्षर, त्याला काना, मग ई. पण हे अक्षर ब नव्हतं. वेगळीच खूण होती. बाईंनी तेहेतीस पाट्या पुन्हा चाळल्या. ती खूण कुठेही नव्हती, एकदासुद्धा नाही.

कोणती अक्षरं अजून आलेली नाहीत त्याची त्यांनी यादी केली. अर्थ लागेल अशी दोनच निघाली, अ आणि द. 'येते, आई.' किंवा 'येते, दाई.' आई, नाही तर पोर सांभाळायला ठेवलेली बाई. दोन्ही वाक्यं व्याकरणात चोख बसत होती. आणि तेव्हा त्यांना काकूंची मूळ चिठ्ठी आठवली. काकूंनी 'आमच्याकडे होती' असं लिहिलं होतं. मुलीने मातीत उतरवताना 'आमच्याकडे' काढून 'इथेच' घातलं होतं. चौतीस पाट्यांत दुसरीकडे कुठेच अ येऊ नये आणि द येऊ नये, अशी काळजी घेतली होती कार्टीने. एकदाच आलेल्या खुणेचं वाचन कुणालाही सिद्ध करता येत नाही, हे ती शिकली होती, आणि कुणाकडून शिकली होती ते सांगायला नको.

चारच्या सुमारास बाई घरी पोचल्या तेव्हा मुलगी जेवणाच्या टेबलाशी बसून वह्यांना कव्हरं घालत होती. बाईंनी पर्स सोफ्यावर टाकली. चप्पल काढायचंही त्यांना सुचलं नाही.

"वाचली," त्या म्हणाल्या.

मुलीची कात्री थांबली. "सगळी?"

"तेहेतीस पाट्या. सोमवारी अहवाल देतेय. लिपी सार्थ आहे. नऊपैकी आठ."

"एक कुठे गेला?"

"शेवटच्या पाटीवरची एक खूण वाचता येत नाही."

मुलीने कागदाची घडी नखाने दाबली. "मग आठ बरोबर आहेत."

"ती कोणती खूण आहे, ते सांग."

"एकदाच आलीये. तिला पुरावा नाही."

"मी पुरावा मागत नाही," बाई ओरडल्या. आपला आवाज चढलाय हे त्यांना उशिरा कळलं. "आई की दाई, एवढंच विचारतेय मी तुला. तू लिहिलंस ना ते? मग तुला माहीत असणार."

मुलगी उठून उभी राहिली. तिचे ओठ पांढरे पडले होते, पण आवाज वर्गातल्यासारखाच होता. "तुम्हाला काय वाटतं?"

'वाटतं' हा शब्द बाईंनी वीस वर्षं उत्तरपत्रिकांतून लाल शाईने खोडला होता. इतिहासात कुणाला काही वाटत नसतं, त्या म्हणायच्या, असेल तर असतं, नसेल तर नसतं. त्या मुलीकडे बघत राहिल्या. खांद्याला खांदा लागेल एवढी उंच झाली होती ती, आणि बापासारखी डाव्या बाजूला मान कलती ठेवायची. या पोरीचा राग येतोय, तिची भीती वाटतेय आणि तरी तिने जाऊ नये असंच वाटतंय, हे सगळं बाईंना एकदम जाणवलं. नवऱ्याच्या खिशातली पावती त्यांनी सहा वर्षं या मुलीच्या हातात शोधली होती. ती तिथे कधीच नव्हती. नसल्याचा पुरावा मात्र मुलगी एकटीच आणत राहिली, चिठ्ठ्याच्या चिठ्ठ्या.

बाई फ्रिजकडे गेल्या. चुंबक काढला, फॉर्म टेबलावर आणला, कव्हरांचे तुकडे कोपराने बाजूला सारले आणि बसल्या. आधी त्यांनी वर्गशिक्षकाच्या जागी सही केली, रोज वीस वह्यांवर करतात तशी, झरझर. मग त्या पालकाच्या सहीपाशी आल्या. ती जरा वाकडी झाली. त्याखाली ओळ होती, 'विद्यार्थिनीशी नातं'. पुढे दोन अक्षरं मावतील एवढीच रिकामी जागा. बाईंचं पेन तिथे थांबलं. मुलगी मागे येऊन उभी होती, तिचा श्वास बाईंना मानेपाशी ऐकू येत होता.

त्यांनी लिहिलं, 'आई'. 

मुलगी वाकून फॉर्म तपासत होती. कुणाची मुलगी ती, तपासल्याशिवाय कसली राहते. तिने शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. 'नात्याचा पुरावा.'

"इथे पुरावा मागितलाय."

जन्मदाखला आतल्या कपाटात होता. वरच्या खणात, निळ्या फाइलमध्ये, हे दोघींनाही ठाऊक होतं. पण बाई उठल्या नाहीत.

"नाही माझ्याकडे," त्या म्हणाल्या.

मुलीने त्या ओळीवरचं बोट काढून घेतलं. मग म्हणाली, "मग तसं लिही."

लिहा नव्हे. लिही. वर्षभराने या घरात कुणी बाईंना तू म्हटलं होतं. बाईंनी मान वर केली नाही. मान वर केली असती तर सगळंच उघडं पडलं असतं. त्यांनी ठळक अक्षरात 'नाही' असं लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं.

मुलीने तो कागद घेतला. आत गेली, कपाट उघडल्याचा आवाज आला. जन्मदाखल्याची प्रत टाचणीने मागे लावूनच ती बाहेर आली, कारण निवासी शाळेला या घरातल्या भांडणाशी काही कर्तव्य नव्हतं. तिने पाकीट चिकटवलं, सायकलची किल्ली घेतली आणि दारात थांबली.

"येते," ती म्हणाली.

पुढचा शब्द तिने म्हटला नाही. पण ती लगेच गेलीही नाही. उंबऱ्यावर एक पाय ठेवून ती उभी राहिली, बाई आता विचारतील म्हणून. कुठे, कोणाबरोबर, किती वाजेपर्यंत, आणि येताना काय आणणार. ते सगळं बाईंच्या जिभेच्या टोकाशी आलं होतं. त्यांनी कव्हराचा एक तुकडा उचलून त्याच्या चार घड्या घातल्या.

"ये," बाई म्हणाल्या.